सरकारी पखालीचं पाणी

मी एक जुनी पखाल आहे, मित्रांनो, आणि ज्या गावात माझं आयुष्य गेलं त्या गावाबद्दल माझं मत मुळीच चांगलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं ऐकताना तुमचा गैरसमज व्हायला नको.

तुमच्यापैकी पुष्कळांनी पखाल पाहिलीही नसेल. रेड्याच्या पाठीवर आडवी टाकलेली कातड्याची मोठी पिशवी म्हणजे पखाल. तिची पोटं दोन्ही अंगांना लोंबतात. वरच्या तोंडातून पाणी भरायचं आणि खालच्या बारीक तोंडाची दोरी सोडली की पाणी बाहेर येतं. एवढंच माझं शरीर. त्यात हाड नाही, काळीज नाही, डोकं तर नाहीच. तरीसुद्धा आमच्या गावातल्या पंचांपेक्षा मला चार गोष्टी जास्त कळतात असं मला वाटत आलं आहे, आणि ते मी लपवत नाही.

गाव बीड जिल्ह्यातलं. तेव्हा मुलखावर हैदराबादच्या निजामाचं राज्य होतं. गावाचं नाव मात्र विचारू नका. नाव घेतलं तर गावाला वाटेल आपली कीर्ती झाली, आणि एवढी मेहेरबानी माझ्याकडून व्हायची नाही.

माझा जन्म ढोरवाड्यातला, कातडं कमावणाऱ्यांच्या वस्तीतला. सुग्रीव नावाच्या कारागिरानं मला घडवलं. त्यानं कातडं चुन्यात घातलं, खरवडलं, बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवलं, चरबी चोळून मऊ केलं आणि चामड्याच्या वादीनं घट्ट शिवलं. साल हाताळून हाताळून त्याच्या हातांचा रंग कायमचा तांबडा झालेला होता. मला काठोकाठ भरून त्यानं झाडाला टांगलं तेव्हा एक थेंब गळला नाही. तो लहान मुलासारखा खूष झाला. मग कचेरीनं मला गावाच्या सफाईसाठी घेतलं आणि तापलेल्या लोखंडानं माझ्या अंगावर सरकारी शिक्का उठवला. दुखलं पुष्कळ, पण मी मनात म्हटलं, असू दे, आपण आता सरकारी झालो. मान मिळेल. तेव्हा मी फार नवी होते, मित्रांनो.

माझा धनी सटवा पखाली. पखाल सरकारची, पण रेडा त्याचा स्वतःचा होता. आमच्याकडं रेड्याला हाल्या म्हणतात. सटवाचा हाल्या मंद आणि हट्टी होता. मध्येच थांबून भिंतीला अंग घाशीत राहायचा आणि मी आपली हिंदकळत राहायची. सटवा मात्र गरीब माणूस. गरीब म्हणजे स्वभावानं. कुणी 'बे' म्हणून हाक मारली तरी 'जी' म्हणून वळणारा. कचेरीजवळच्या विहिरीवर तो मला भरायचा. कचेरीपुढची झाडं, शिपायांच्या घोड्यांची डोणी, पेठेतला धुळीचा रस्ता, असा आमचा रोजचा फेरा होता.

आणि मान? मान असा की मी पेठेतून निघाले की बाया पदर सावरून भिंतीला चिकटायच्या. चामड्याचं पाणी अंगावर उडालं तर विटाळ. आता या लोकांच्या मळ्यांत विहिरीवर मोट चालायची ती काय सोन्याची होती? मोटही कातड्याचीच. तिच्या पाण्यावर पिकलेली भाजी यांच्या ताटात चालायची. देवळातला नगारा कातड्याचा, तो वाजला की हे हात जोडायचे. पायातल्या वहाणा कातड्याच्या. विटाळ काय तो माझ्या एकटीच्या नशिबी. विटाळ कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो हे ठरवायला गावात मोठी डोकी होती, आणि त्यांच्या सोयीप्रमाणं तो बरोबर सुरू व्हायचा नि संपायचा.

माझं पाणी तोंडाला लावणारं एकच माणूस मला आठवतं. कडूबाई. ती धनगराची म्हातारी विधवा. गावकुसाबाहेर, पश्चिमेच्या अंगाला, तिचं एकटीचं पाल होतं आणि मेंढ्या कोंडायला काटेरी कुंपणाचं एक वाडगं होतं. त्या बाजूला विहीर नव्हती. दिवसाचं काम उरकलं की सटवा राहिलेलं पाणी घेऊन देवीच्या गल्लीतून सरळ पश्चिमेच्या वेशीबाहेर जायचा आणि तिचे डेरे भरून द्यायचा. डेरे भरायच्या आधी कडूबाई माझ्या तोंडाखाली ओंजळ धरायची आणि घटाघटा प्यायची. मग ओल्या हातानं माझ्यावर थाप मारायची.

"गोड हाय गं बाई तुझं पानी," असं ती म्हणायची. माझ्याशी बोलायची, सटवाशी नव्हे. मला तिचा लळा होता. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

कडूबाईचा नवरा मेला तेव्हा दीर धुळाजी म्हणाला होता, "वैनी, तुमच्या मेंढ्या आमच्या कळपात घाला आन् घरी भाकरी करा." कडूबाईनं ऐकलं नाही. धनगराच्या बाईनं दुसऱ्याच्या कळपामागं चालणं आणि स्वतःच्या कळपापुढं चालणं यांत किती अंतर आहे ते तिला ठाऊक होतं. थोड्याशा मेंढ्या घेऊन ती वेगळी राहिली. धुळाजीनं हसून सांगितलं की येत्या दिवाळीपर्यंत बघू, कळप वाढला तर तुमचा, नाही तर आमचा. त्या वर्षी आश्विनात तिच्या मेंढ्या भराभर व्यायल्या. वाडगं कोकरांनी भरून गेलं. दिवसा मेंढ्या चरायला जायच्या, त्यांच्याबरोबर तिचा भाऊ जायचा, आणि कोकरं वाडग्यात राहायची. म्हातारी त्यांच्याजवळ लोकर कातत बसायची. "सटवा," ती म्हणायची, "ही जगली की मपलं कुनी वाकडं करनार न्हाई बघ." तिचं सगळं त्या कोकरांवर होतं.

आता आश्विनाचं सांगते. वर्षभर आमचं गाव घाणीत सुखानं लोळत असे. पावसाळ्यात पेठेत गुडघाभर चिखल साचला तरी कुणाचं काही अडत नव्हतं. पण पाऊस उघडला, वाटा वाळल्या, की जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाचा दौरा निघायचा. त्या राज्यात त्याला तालुकदार म्हणत. साहेब येणार असा हुकूम कचेरीत आला की गावाला अचानक स्वच्छतेचा पुळका यायचा. भिंतींना चुना लागायचा, पण रस्त्याकडच्या तेवढ्याच भिंतींना. खांबावरच्या कंदिलांच्या काचा पुसल्या जायच्या. भटकी कुत्री हाकलून शेजारच्या गावाला भेट दिली जायची, आणि त्यांच्याकडं साहेब गेला की त्यांची कुत्री आमच्याकडं यायची.

उकिरड्यांचं काय करायचं, हा प्रश्न दरसाल पडायचा आणि दरसाल त्याचं उत्तर एकच असायचं. पेठेतला सगळा केरकचरा झाडून गाड्यांत भरायचा आणि पश्चिमेच्या वेशीबाहेर, धनगरांच्या अंगाला नेऊन टाकायचा. घाण गेली नाही, नुसती साहेबाच्या वाटेवरून बाजूला सरकली, तरी पंच एकमेकांना शाबासकी देत. मित्रांनो, याला त्या काळी सफाई म्हणत.

सफाईचा दरोगा गहिनीनाथ. हातात वेताची छडी, आवाज मोठा आणि अक्कल बेताची. त्याच्यावर पंच म्हणून भगवानराव. हे गावचे बडे जमीनदार. अंगरखा असा पांढरा की तो मळू नये म्हणून माणूस कधी वाकत नसे. देवीच्या गल्लीत त्यांचं नवंकोरं माडीचं घर होतं, आणि देवीच्या पालखीचा पहिला मान त्यांचा होता.

त्या साली साहेबाचा दौरा नेमका नवरात्रात आला. नवमीला साहेब येणार आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या शिलंगणाला थांबणार, असं ठरलं. नवमीला दुपारी देवीची पालखीही निघायची असते. एका दिवशी दोन दोन देव आल्यावर गावाची काय त्रेधा उडाली असेल ते तुम्हीच बघा. नवमीला गहिनीनाथानं पहाटेच सटवाला उठवलं.

"सटवा बे, येशीपासून कचेरीपस्तोर रस्ता भिजला पायजे. देवीची गल्ली बी भिजव, साहेबाची सवारी तिकडूनच कचेरीला वळंल. धूळ उडाली तर तुजी खैर न्हाई."

आम्ही खेपेवर खेप केली. देवीच्या गल्लीत माझ्या पाण्यानं मातीचा वास उठला. भगवानराव ओट्यावर उभे राहून बघत होते. "हितं आनखी सोड," त्यांनी बोटानं दाखवलं. सटवानं दोरी सैल केली. त्यांच्या दारापुढं मी चांगली दोन घागरी पाणी ओतलं, आणि कुणालाही विटाळ झाला नाही.

साहेब आलाच नाही. उन्हं वर चढली तेव्हा निरोप आला की सवारी चौसाळ्याला मुक्कामाला आहे, उद्या सकाळी येईल. मग पंच म्हणाले, बरं झालं, आता पालखीचं बघू. लगेच देवीची गल्ली शेणानं सारवून काढली. गोमूत्र शिंपडलं, रांगोळ्या घातल्या. पालखी वाहणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायला दारोदार तांब्याच्या घागरी भरून ठेवल्या. तिकडं गहिनीनाथाला वाटलं की सवड मिळालीच आहे तर वेशीबाहेरच्या कचऱ्याचंही निस्तरावं. उद्या वारा फिरला आणि साहेबाच्या नाकाला वास लागला म्हणजे? त्यानं ढिगाला काडी लावायला सांगितली आणि तो पालखीला निघून आला. जळत्या ढिगाजवळ राखण म्हणून त्यानं कुणाला ठेवलं नाही. ढीग वाडग्याच्या कुंपणाला जवळजवळ लागूनच होता. कुंपणाच्या बोराट्या, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, वाळून खडखडीत झालेल्या होत्या.

दुपारी वारा सुटला.

आम्ही विहिरीवर होतो. सटवानं मला नुकतंच भरलं होतं, कारण धुरळा पुन्हा बसवायचा होता. तेवढ्यात पश्चिमेकडं धुराचा काळा लोट दिसला आणि त्यातून कोकरांचं ओरडणं ऐकू आलं. सटवानं हाल्याच्या शेपटीला पीळ दिला. जन्मात पहिल्यांदा तो मठ्ठ प्राणी धावला. मी भरलेली, जड, दोन्ही अंगांना आपटत होते. पण मला बरं वाटलं. आयुष्यभर धुळीवर पाणी ओतलं, आज आगीवर ओतायचं होतं. सुग्रीवनं मला कशासाठी घट्ट शिवलं ते मला तेव्हा कळलं असं वाटलं.

देवीच्या गल्लीच्या तोंडाशी भगवानराव आडवे उभे राहिले. मागं पालखी सजत होती, माणसं दाटली होती.

"थांब बे! कुटं घुसतूस?"

"मालक, कडूबाईचं वाडगं पेटलंय. म्हातारी आत हाय, कोकरं हायती. जाऊ द्या."

"जा ना. जाऊ नको म्हनतो का मी? पर गावाला वळसा घालून जा. गल्ली सारवलीय, दिसत न्हाई का? चामड्याचं पानी हितं ठिबकलं तर पालखी कशी निगंल?"

"वळशानं लई उशीर व्हईल, मालक. ओढ्यातून जावं लागंल." सटवानं गल्लीकडं बोट दाखवलं. "सकाळी याच पान्यानं हीच गल्ली भिजवली म्या. तुमीच म्हनलाव, आनखी सोड."

"सकाळी सायेबासाठी व्हतं. आता देवीसाठी हाय. तुला अक्कल कदी यायची?"

हे ते म्हणाले तेव्हा त्यांच्या तोंडावर लाजेचा मागमूस नव्हता, मित्रांनो. ते खरोखरच सटवाला समजावून सांगत होते. मागच्या माणसांतही कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. काहींनी माना डोलावल्या. दारोदार पाण्याच्या घागरी भरलेल्या होत्या, पण ते पाणी पालखीचं होतं. एका घरची नवी सून तेवढी घागर उचलून पश्चिमेकडं धावली. तिच्या सासूनं "अगं भवाने, सोवळ्यातलं पानी" म्हणत तिच्या पदराला हात घातला, पण ती निसटली. एक घागर. गावाची सगळी माणुसकी मोजायची तर तेवढी भरते.

आणि सटवानं काय केलं असेल? वळला. हातातला कासरा ओढून त्यानं हाल्याला मागं फिरवलं. मला त्याची भयंकर चीड आली. अरे, रेडा तुझा आहे, वाटेत आडवा एकच माणूस आहे, घाल त्याच्या अंगावर! पण पिढ्यान् पिढ्या 'जी' म्हणून वळलेली मान एका दुपारी सरळ होत नाही. आम्ही पूर्वेच्या वेशीनं बाहेर पडलो, गावकुसाला धरून, ओढ्याच्या दगडगोट्यांतून ठेचकाळत निघालो. हाल्या दोनदा गुडघ्यावर आला. माझं वरचं तोंड सुटलं आणि निम्मं पाणी ओढ्यात गेलं.

पोचलो तेव्हा कोकरांचा आवाज थांबला होता.

वाडग्याच्या जागी काळा गोल उरला होता. कडूबाई बाहेर मातीत बसलेली होती. लुगड्याचा पदर जळालेला, दोन्ही हातांची कातडी सोललेली. ती आत शिरून एकेक कोकरू बाहेर फेकत राहिली होती. जगलेली तीन तिच्याजवळ पडली होती. ती सून रिकामी घागर धरून रडत उभी होती.

"आलास व्हय रं सटवा," कडूबाई म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "लई उशीर केलास बाबा. कावून?"

सारवलेल्या गल्लीमुळं, असं सटवा कोणत्या तोंडानं सांगणार? त्यानं माझी दोरी सोडून तिच्या हातांवर पाणी धरलं. तिनं हात मागं घेतले. "मला नगं. त्येंच्या तोंडाला लाव आदी." त्या तीन कोकरांच्या तोंडांवर पाणी घातलं. एकानं डोळे उघडले. उरलेलं पाणी सटवानं राखेवर ओतलं. राख चर्र झाली. धुराचा कडू वास आला. त्याच वेळी गावात पालखी निघाली आणि नगारा वाजायला लागला.

सायंकाळी मेंढ्या चरून परत आल्या. मित्रांनो, हे मला सांगवत नाही, पण तुम्हाला ऐकायला पाहिजे. मेंढ्या धावत आल्या, कारण दिवसभर दूध साचून कासा ताठल्या होत्या. त्या राखेत शिरल्या. प्रत्येक मेंढी आपल्या पोराला हाक मारत होती. हुंगत होती, दुसरीकडं जात होती, पुन्हा तिथंच येऊन हुंगत होती. दूध आपोआप गळत होतं आणि राखेत पांढरे ठिपके पडत होते. कडूबाई त्या वेळेपर्यंत रडली नव्हती. तेव्हा रडली.

धुळाजी आला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं तिच्या हातांना तूप लावलं, आणि मग हळूच म्हणाला, "वैनी, आता येगळं ऱ्हाऊन काय करता? चला." कडूबाई उठली. सकाळी ती धुळाजीच्या कळपामागून गेली, आपल्याच मेंढ्यांच्या मागं, हातांना चिंध्या गुंडाळून. पुढं चालणारा धुळाजी होता.

त्याच सकाळी दसरा होता, आणि साहेब यायचा होता. गहिनीनाथ सटवाकडं आला.

"चल उठ. रातीतून पुन्हा धूळ झालीय. रस्ता भिजव."

सटवा उठला. मला वाटलं, संपलं, हा माणूस म्हणजे नुसती मान डोलावणारा हाल्या. त्यानं विहिरीवर मला भरलं, अगदी काठोकाठ, आणि पेठेत आणलं. वेशीपासून रांगेनं पंच उभे होते. भगवानरावांनी जरीचा शेला घेतला होता. आपट्याची पानं ताटात मांडली होती. दूर रस्त्यावर साहेबाच्या टांग्याची धूळ दिसायला लागली होती.

"सोड पानी," गहिनीनाथ ओरडला. "लवकर!"

सटवा भगवानरावांपुढं जाऊन उभा राहिला. "मालक, येक सांगा. हे पानी आज चोख हाय का इटाळाचं?"

"येडा झालास का? शिंपड बे, सवारी आली."

"न्हाई, सांगाच. चोख असंल तर काल कावून आडवलंव? आन् इटाळाचं असंल तर सायेबाच्या पायाखाली कावून घालू?"

गहिनीनाथानं छडी उगारली. सटवानं कमरेचा चाकू काढला. सगळे मागं सरले, भगवानराव तर सगळ्यांत आधी. त्यांना वाटलं चाकू त्यांच्यासाठी आहे. त्यांचा स्वतःबद्दल फार मोठा समज होता.

सटवानं माझ्यावर हात ठेवला, कडूबाई ठेवायची तसा. मग चाकू वर खुपसून त्यानं मला दोन्ही अंगांना खालपर्यंत फाडलं.

दुखलं का म्हणून विचाराल. हो, दुखलं. पण सरकारी शिक्क्याइतकं नाही. माझ्यातलं सगळं पाणी एकदम, एका जागी, भगवानरावांच्या पायांपाशी कोसळलं. त्यांच्या धोतराला, शेल्याला, ताटातल्या पानांना चामड्याचं पाणी लागलं. "अरं अरं अरं!" करत ते उड्या मारायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाकावं लागलं. पुढचा सगळा रस्ता कोरडा ठणठणीत राहिला. तेवढ्यात साहेबाचा टांगा आला, गावभर धूळ उडवत, पंचांच्या नाकातोंडात ती घालत, न थांबता कचेरीकडं निघून गेला. साहेबानं नाकाला रुमाल लावला होता. त्याला धुरळ्यापलीकडं काही दिसलंही नसेल.

सटवाला दिवसभर चावडीत कोंडलं. संध्याकाळी पंच बसले. आग का लागली याची चौकशी झाली. ढीग कुणी पेटवला हे कुणी विचारलं नाही, गल्ली कुणी अडवली हे कुणाला आठवलं नाही. ठरलं ते असं की पखाली वेळेवर पोचला नाही म्हणून नुकसान झालं, आणि सरकारी पखाल फाडली तो वेगळा गुन्हा. हाल्याला दुखणं आणि पखालीला डाग, म्हणजे रोग एकाला आणि डागणी दुसऱ्याला, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. ती ज्या गावात पहिल्यांदा बोलली गेली ते आमचंच असावं. सटवाचं काम गेलं. तो आपला हाल्या घेऊन शिरूरच्या रस्त्याला लागला. जाताना तो चावडीपुढून गेला आणि कुणीतरी "सटवा बे" म्हणून हाक मारली. तो वळला नाही.

मला कचेरीच्या अडगळीत खुंटीला टांगलं. सरकारी वस्तू वरच्या मंजुरीशिवाय टाकता येत नाही आणि मंजुरी काही आली नाही. पुढच्या आश्विनात दुसरी पखाल आली. तिचंही पाणी सकाळी चालायचं आणि दुपारी विटाळायचं. कडूबाई धुळाजीच्या चुलीपुढं भाकरी थापते असं शिपाई बोलताना मी ऐकलं. हात नीट मिटत नाहीत म्हणे, त्यामुळं भाकरी जाड होते.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना हात जोडून सांगतात की आम्हाला जपा, तेलपाणी करा, मोडलं असेल ते सांधा. मी तसं सांगणार नाही. माझं कातडं अजून चांगलं आहे. तुमच्यातलं कुणी उद्या त्या कचेरीत बसेल, मला पाहील आणि म्हणेल, दोन्ही अंगांना वादीचे टाके घातले की ही अजून दहा वर्षं चालेल. त्यानं आधी एक करावं. नवमीच्या दुपारी, गल्ली सारवलेली असताना, पालखी निघायच्या आधी, भरल्या पखालीचा रेडा देवीच्या गल्लीतून सरळ पश्चिमेच्या वेशीपर्यंत न्यावा. त्याला कुणी अडवलं नाही तर खुशाल मला टाके घाला, मी आनंदानं पाणी वाहीन. तोवर मला फाटकीच राहू द्या. त्या लोकांची धूळ बसवायला माझ्यात आता एक थेंबही ठरायचा नाही, आणि सटवानं माझ्यासाठी केलेलं हे सगळ्यांत चांगलं काम आहे.